मालकाच्या सांगण्यावरून

३ ऑगस्ट २००९, सोमवार

आला एकदाचा! तीन वर्षं फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, आज परवाना हातात पडला. श्रीनिवास दत्तात्रय टिल्लू, राहणार कर्वेनगर, यांस बंदुकांची विक्री, दुरुस्ती व सुरक्षित ठेव यांचा व्यवहार करण्यास परवानगी देण्यात येत आहे. जिन्यातच चारदा वाचला. हेमा बँकेतून आल्यावर तिलाही मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान. आता भाजी आणायला कोण जाणार, ते लिहिलंय का त्यात?"

परवाना शाखेतल्या इन्स्पेक्टर आम्रपाली ढवळे यांनी कागद पुढे केला, पण सोडेनात. "टिल्लू, खरं सांगा, तुम्हाला धंदा करायचाय की हौस?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही नसतं. धंदेवाला आधी गिऱ्हाईक बघतो, मग त्याची बंदूक. तुम्ही आल्यापासून माझ्या शिपायाच्या रायफलीकडे बघताय. माझं मत विचाराल तर हौशी माणसाला हा परवाना देऊच नये. पण नियमात तसं कुठे नाही." एवढं बोलून कागद सोडला. बाई भंडाऱ्याच्या आहेत, पण इतक्या वर्षांत पुणेरी बोलायला पक्क्या शिकल्यात.

याच विषयावर मी मागे पेपरात पत्र पाठवलं होतं. माझा मुद्दा साधा होता. धंदेवाल्याला बंदूक म्हणजे लोखंड. हौशी माणूस तिच्यावर जीव लावतो, तिचा एकेक स्क्रू ओळखतो. मग तिचा व्यवहार कुणाच्या हातात जास्त सुरक्षित? त्यांनी चार ओळी छापल्या, त्याही खड्ड्यांच्या तक्रारीखाली.

असो. कंपनीची टूलरूम बंद झाली, आम्हा सगळ्यांना व्हीआरएस देऊन घरी बसवलं, तेव्हापासून मी या एका कागदाची वाट बघत होतो. उद्या रंगनाथकाकांना पेढे. चौदाव्या वर्षी माझ्या हातात पहिली छऱ्याची बंदूक त्यांनी दिली, आणि त्याआधी महिनाभर नुसती कानस चालवायला लावली होती. "ज्याला कानस कळत नाही त्यानं बंदुकीला हात लावू नये," म्हणायचे.

११ ऑगस्ट, मंगळवार

स्वाइन फ्लूने अख्खं पुणं तोंड बांधून फिरतंय. दुकान उघडून आठवडा झाला. बिल्डिंगखालचा गाळा, मागे लेथ, पुढे काउंटर, भिंतीत तिजोरी. आजवरचं गिऱ्हाईक म्हणजे हिंजवडीच्या कंपनीतले तीन तरुण. बंदूक हातात घेऊन फक्त फोटो काढायचे होते. "सर, जस्ट वन क्लिक." म्हटलं, बाहेर पाटी आहे, तिचा काढा.

पेढे द्यायला गेलो होतो त्याची गंमत लिहायची राहिली. काकांचा बंगला गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागे. फाटकातच त्यांच्याकडे पोळ्या करणाऱ्या इंदुबाई भेटल्या. म्हणाल्या, "नवीन दूधवाला आलाय ना, त्याच्यावर साहेबांनी बंदूक धरली हो! चोर चोर म्हणून ओरडले अन् चाप ओढला. नुसतं टक् झालं. तो बाप्या पिशव्या टाकून पळाला, तो परत वर येत नाही. आता दूध फाटकाला अडकवून जातो."

मी हसून बेजार. शहात्तराव्या वर्षी रिकाम्या बंदुकीने माणसाची अशी फिरकी घ्यायची म्हणजे काकाच हवेत. पाटबंधारे खात्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते तेव्हाही कंत्राटदारांना असंच घाबरवून सोडायचे.

आज संध्याकाळी काका-काकू दोघं रिक्षाने दुकान बघायला आली, नारळ घेऊन. काकांनी तीनदा चहा मागितला आणि तीनदा प्यायले. निघताना मला म्हणाले, "कोंडीराम, जीप काढ." कोंडीराम म्हणजे धरणावरचा त्यांचा ड्रायव्हर, तो वारल्यालाही बारा वर्षं झाली. मी ताठ उभं राहून सलाम ठोकला. काकू मात्र हसल्या नाहीत. काकूंना विनोदाचं अंग पहिल्यापासून कमीच.

१ सप्टेंबर, मंगळवार

विधानसभेची निवडणूक लागली. तेरा ऑक्टोबरला मतदान. आचारसंहितेत परवानाधारकांनी आपापली शस्त्रं चौकीत किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. चौकीत बंदुका कोपऱ्यात उभ्या करतात आणि महिनाभरात गंज चढतो. आता पुण्यात निदान एक जागा अशी आहे जिथे त्यांना तेल मिळेल. हेमाला हे सांगितलं तर म्हणते, "पाळणाघर काढलंय म्हणा की."

५ सप्टेंबर, शनिवार

आज एका दिवसात सात बंदुका आल्या. कात्रजच्या घाटापलीकडचे संभाजी पायगुडे आपली आजोबांच्या वेळची एकनळी गोधडीत गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "टिल्लूसाहेब, चौकीत टाकायची तर जिवावर येतंय बगा. तुमच्याकडं हाय म्हंजी घरीच हाय."

मग काका-काकू. त्यांची दोन घोड्यांची दुनळी, काकांच्या वडिलांना बक्षीस मिळालेली. लहानपणी हिच्या दस्त्याला हात लावायला मिळाला तरी मी आठवडाभर हवेत असायचो. आज ती माझ्या रजिस्टरात जमा झाली. काडतुसं मागायची राहिली. नियमाने तीही मोजून घ्यायला हवीत, पण काकांपुढे "खिसे दाखवा" कोण म्हणणार?

पावती काकूंनी घेतली, नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. काका तिकडे संभाजींच्या बंदुकीवर व्याख्यान देत होते. काकू हळूच म्हणाल्या, "श्री, ही घरात असली की मला धड झोप लागत नाही रे."

म्हटलं, "आता दीड महिना खुशाल झोपा."

"आणि हे बघ, आहे तशीच ठेव. साफसूफ काही करत बसू नकोस. बंद आहे, बंदच राहू दे."

बंद आहे? काकांची बंदूक? बायकांना बंदूक म्हणजे अडगळ वाटते, हेमाचंही तेच.

९ सप्टेंबर, बुधवार

राहवलं नाही. उघडली.

कुण्या गाढवाने दोन्ही फायरिंग पिनांची टोकं कानशीने घासून टाकली आहेत! घोडा पडला की त्याच्या धक्क्याने पिन पुढे सरकते आणि काडतुसाच्या टोपीवर बसते. आता टोकंच नाहीत, तर बसणार काय, कपाळ? घोडा आपटतो, टक् होतं, संपलं. असल्या देखण्या हत्याराचा खून केलाय. काम मात्र सफाईदार. दोन्ही पिना अगदी एका उंचीच्या, ओरखडा म्हणून नाही.

काकांना माहीत नसणारच. मध्ये कधीतरी कुणा दुकानदाराकडे साफ करायला दिली असेल, त्याने पुढचं गिऱ्हाईक पक्कं करायला हा उद्योग केला असणार. हेच ते धंदेवाले! आणि आम्रपालीबाई मला हौस की धंदा विचारतात.

नव्या पिना करणार. चांगलं पोलाद घरात आहेच.

१३ सप्टेंबर, रविवार

चार दिवस लेथवर. कितीतरी वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. टूलरूममध्ये शेवटी शेवटी आम्हाला नुसते कॉम्प्युटरसमोर बसवायचे, बोटाला तेल लागायचं नाही. आज दोन्ही पिना बसवल्या, रिकाम्या काडतुसात नुसती टोपी घालून मागच्या खोलीत वाजवून पाहिली. उजवी, ठो. डावी, ठो. वरच्या मजल्यावरून सोसायटीचे चेअरमन धावत आले. त्यांना गॅसचा लायटर दाखवला, बिचारे परत गेले.

रजिस्टरात दुरुस्तीची नोंद करायची तर कुणी सांगितली ते लिहावं लागतं. लिहिलं, "मालकाच्या सांगण्यावरून." सांगितलं नाही हे खरं, पण कळल्यावर नाही थोडंच म्हणणार आहेत!

१९ सप्टेंबर, शनिवार

आज घट बसले. चांगला दिवस म्हणून काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, दुनळी ठणठणीत झाली. दोन्ही नळ्या वाजतात."

ते इतके खूश झाले! "शाबास रे पठ्ठ्या! मग खंडेनवमीला पूजेत हवी मला. एकही वर्ष चुकलेलं नाही." मग फोन काकूंनी घेतला. म्हणाल्या, "कशाला केलंस? कुणी सांगितलं होतं तुला?" आणि ठेवून दिला.

शाबासकी नको, पण हे काय? जीव तोडून काम करावं आणि वर बोलणी खावीत. मला फार लागलं.

२२ सप्टेंबर, मंगळवार

काकू एकट्याच आल्या. चहा नको म्हणाल्या. मनगटावर पट्टी होती. विचारलं, तर "दारात अडकला हात" म्हणाल्या.

"श्री, ती बंदूक विकता येईल का?"

"येईल. पण मालकाची सही लागेल."

"निवडणूक झाल्यावरही तू तुझ्याकडेच ठेवलीस तर?"

"तसं नाही करता येत, काकू. निकाल लागला आणि मालक पावती घेऊन आला की द्यावीच लागते. नाही दिली तर माझा परवाना जातो. तीन वर्षं घासलीत मी त्यासाठी."

"त्या पिना... पुन्हा काढता नाही येणार?"

मी चक्क उखडलो. म्हटलं, मालकाला न विचारता त्याचं हत्यार निकामी करायचं म्हणजे मी काय भामटा आहे? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काउंटर पुसायला लागलो. दारातून वळून म्हणाल्या, "श्रद्धाला यातलं काही कळवू नकोस." श्रद्धा त्यांची मुलगी, अमेरिकेत असते, दर रविवारी फोन करते. तिला मी बंदुकीच्या पिनांबद्दल काय कळवणार, कप्पाळ!

२५ सप्टेंबर, शुक्रवार

काका आज एकटे आले. बिल्डिंग सापडेना म्हणून पलीकडच्या कॉलेजच्या वॉचमनने हाताला धरून आणून सोडलं. आल्या आल्या पावती टाकली काउंटरवर. "दे. पूजेपुरती दे, दोन तासांत परत."

म्हटलं, "काका, आचारसंहिता आहे. गाळ्याबाहेर नाही नेता येणार."

"मला नियम शिकवतोस? कोंडीराम, तुला मी सस्पेंड करीन!" टेबलावर मूठ आपटली. डोळे लाल झाले होते. आधी मी हसलो, आणि मग माझं हसू आपोआप थांबलं. ते फिरकी घेत नव्हते. दोन मिनिटांनी स्वतःच शांत झाले आणि विचारलं, "काय रे श्री, दुकान टाकलंस? मला बोलावलं नाहीस ते?"

त्यांना रिक्षात बसवून स्वतः गुलटेकडीला सोडून आलो. रिक्षात तोडगा सुचला. रविवारी सगळ्या मालकांना इथेच बोलवायचं. बंदुका गाळ्याबाहेर जाणार नाहीत आणि कुणाची पूजाही चुकणार नाही. काका खूश होतील. संभाजींना फोन केला तर ते म्हणाले, "लई ब्येस. आमच्यात बंदुकीला फूल वाहिल्याबिगर कुनी ताटावर बसत न्हाई."

२६ सप्टेंबर, शनिवार

हेमाशी कडाक्याचं भांडण. मी उद्याची तयारी सांगत होतो, झेंडूची फुलं, लाल कापड. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"अहो, तुम्हाला खरंच दिसत नाही की बघायचं नाही? काकांना विसरायला होतंय. माणसं ओळखू येत नाहीत त्यांना. तुम्ही कोंडीराम झालात तेव्हा सलाम ठोकत होतात, मी काकूंचं तोंड बघत होते."

"वय झालंय. थोडंफार..."

"दूधवाल्यावर चाप ओढला तेही वय? आणि काकूंचं मनगट दारात अडकलं, नाही का? आणि अशा माणसाची बंदूक तुम्ही नीट करून ठेवलीत! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास."

तरातरा उठून गाळ्यात गेलो. दुनळी काढून समोर ठेवली. इंदुबाई म्हणाल्या होत्या, नुसतं टक् झालं. मी समजलो बंदूक रिकामी होती. पण पिना घासलेल्या असल्या तर भरलेली बंदूकसुद्धा टक्‌च करते. कचऱ्याचा डबा उपडा केला. जुन्या पिना अजून त्यातच होत्या. पुन्हा बसवून टाकाव्यात? पण रजिस्टरात दुरुस्ती लिहिली आहे, काकांना मी स्वतः सांगून बसलोय, आणि खोटं काम माझ्याने होत नाही. पूजा रद्द करावी तर काका घरी काय गोंधळ घालतील, तो काकूंच्या अंगावर यायचा. शेवटी ठरवलं, पूजा होऊ दे. समोर मी असेनच. बंदूक रिकामी, काडतुसं तिजोरीत. निकालाला अजून महिना आहे, तोवर सुचेल काहीतरी.

२७ सप्टेंबर, रविवार. खंडेनवमी

डाव्या हाताला पाच टाके. उजव्याने लिहितोय. जसं झालं तसं लिहून ठेवतो, नंतर मी स्वतःशीच खोटं बोलायला नको.

संभाजी आणि आणखी दोघे आपापली पूजा आटोपून प्रसाद खात होते. टेबलावर लाल कापड, त्यावर बंदुका, प्रत्येकीला हळदकुंकू आणि झेंडू. काका काळा कोट घालून आले होते, गुळगुळीत दाढी, अगदी पूर्वीसारखे. काकूंच्या हातात तबक. काकांनी दुनळीला नमस्कार केला, उचलली, बिजागरीवर मोडून उघडली आणि नळीतून उजेडाकडे पाहिलं. "श्री, आरसा केलास रे नळीचा!" माझी छाती फुगली. खरंच फुगली, लिहायची लाज वाटते.

मग त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात गेला. दोन काडतुसं. दोन्ही नळ्यांत सरकवली, मनगटाच्या एका झटक्यात बंदूक मिटली, अंगठ्याने दोन्ही घोडे मागे. इतकं सहज, इतकं सुरेख, की मी बघतच राहिलो. आधी मला हाताची सफाई दिसली. काडतुसं नंतर दिसली.

काकू ओवाळायला पुढे झाल्या होत्या. काकांनी नळी त्यांच्या छातीवर धरली. "कोण गं तू? आत कशी आलीस?"

"अहो, मी. मी विमल."

"विमल आत झोपलीये. तिच्या खोलीतून काय उचललंस? बोल!"

काकू जागच्या हलल्या नाहीत. मला काकांचं बोट चापावर दिसलं, आवळत चाललेलं. त्या दोन पिना माझ्या होत्या. त्या चुकणार नाहीत हे पुण्यात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मी डावा हात घोड्यांवर घातला. उजवा घोडा पडला तो अंगठा आणि बोट यांच्यामधल्या मांसात. पिनेपर्यंत पोचला नाही. त्याच क्षणी संभाजींनी "आरं देवा!" म्हणून नळी छताकडे ढकलली. मी दुसरा घोडा धरून ठेवला, हळूहळू खाली उतरवला, बंदूक मोडली, दोन्ही काडतुसं बाहेर काढली. तेव्हा कुठे हात दुखायला लागला.

काका माझ्या रक्ताकडे बघून कळवळले. "अरे, काय करून घेतलंस? विमल, याला हळद लाव."

आणि काकूंनी तबक खाली ठेवलं आणि माझ्या हाताला हळद लावली.

२८ सप्टेंबर, सोमवार. दसरा

सोनं द्यायला म्हणून गुलटेकडीला गेलो. काका गादीवर पेपर वाचत होते, उलटा. मी काकूंचे पाय धरले आणि तोंडाला येईल ते बोललो. माफी, मूर्खपणा, सगळं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तुला सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडानं सांगायचं? इतका मोठा इंजिनिअर माणूस, लोक येऊन सल्ला विचारतात. म्हटलं, घरातलं घरात राहू दे."

मी विचारलं, "पिना कुणाकडून घासून घेतल्यात?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं? दोन वर्षांपूर्वी यांनीच केलं ते. तेव्हा नुकतं नावं विसरायला होत होतं. एकदा दुपारी मागच्या खोलीत कानस घेऊन बसले. मला म्हणाले, विमल, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. बंदूक मोडीत काढवत नाही, वडिलांची आहे, आणि चौकीत द्यायची तर दहा जण कारण विचारणार. म्हणून हिचे दात काढून ठेवतो. मग मला आठवलं नाही तरी चालेल."

काकांनी केलं होतं. शुद्धीत, स्वतःच्या हाताने, एका उंचीचं, ओरखडा न पाडता. मी त्या कामाला गाढवाचं काम म्हटलं होतं. ज्याच्या हाताखाली महिनाभर कानस चालवली त्याचा हात मला ओळखू आला नाही. माझ्या गुरूने शहाणपणाने केलेलं शेवटचं काम मी चार दिवस लेथवर बसून मोडलं, वर शाबासकी मागितली.

निघताना काकूंनी माझा उजवा हात घट्ट धरला. "चौकीत नको सांगूस, श्री. बोभाटा होईल. श्रद्धा तिकडे घाबरेल." मला त्यांना हो म्हणायचं होतं. नाही म्हटलं. काकूंनी हात सोडला.

२९ सप्टेंबर, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हेमाने सकाळी नवा शर्ट काढून दिला.

आम्रपालीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रजिस्टर उघडलं. "दुरुस्ती, मालकाच्या सांगण्यावरून. सांगितली होती?"

"नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही. काकूंनी तर करू नकोस म्हणून सांगितलं होतं."

"काडतुसं जमा करताना मोजली?"

"नाही."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "टिल्लू, खोटं लिहिलंत, पण खरं सांगायला चालत आलात. दोन्ही लिहावं लागेल मला." परवाना चौकशी होईपर्यंत निलंबित. दुपारी जीप आली, सगळ्या बंदुका घेऊन गेली. संभाजींना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मानूस वाचलं न्हवं का? मग जाऊ द्या." दुनळीसाठी बाईंनी वेगळा अर्ज दिला. मालक स्वखुशीने परवाना परत करत असल्याचा. डॉक्टरांचा दाखला आणि पत्नीची साक्ष जोडायची. "सही तुम्ही आणा. तुमचं ऐकतील ते."

पेपरातलं माझं पत्र कपाटात जपून ठेवलं होतं. आज वाचून पाहिलं. मुद्दे बरे आहेत. पण त्यात काकू कुठेच नाहीत, दूधवाला नाही, सगळ्या पत्रात एकसुद्धा माणूस नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

गुलटेकडीला दोन फेऱ्या झाल्या. काकू दार उघडतात, पाणी देतात, बोलत नाहीत. शेवटी आज मीच अमेरिकेला फोन लावला. श्रद्धा बराच वेळ रडली, मग म्हणाली, "मला दर रविवारी आई सांगायची, बाबा झोपलेत." दिवाळीत येतेय. काकूंना हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांची वेळ घे. दाखला लागतो ना तुला?"

१३ ऑक्टोबर, मंगळवार

दोघांना मतदानाला घेऊन गेलो. काकांनी बोटावरची शाई सगळ्यांना दाखवली, रिक्षावाल्यालासुद्धा.

घरी आल्यावर अर्ज पुढे ठेवला. मला धाकधूक होती, चिडतील, फाडतील. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. जुनी सवय, न वाचता सही नाही. एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूकसुद्धा काढली. मग सही केली, बिलाखाली करायचे तशी, तारखेसकट.

पेनाला टोपण लावता लावता थांबले. माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण ते त्यांना कळलं नव्हतं.

"कुणाची हो बंदूक ही?"

"तुमची, काका."

"चालते?"

माझ्या दोन्ही पिना तिच्यात होत्या, चौकीच्या कुलपात. काकू दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "नाही. बंद आहे."

काकांचा चेहरा सैल झाला. पुढे वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "मग राहू द्या तशीच. हात लावू नका तिला. घरात विमल एकटी असते."